दातांच्या क्लिनिंगचा रिव्ह्यू, विश्रामबाग (सांगली) – चार स्टार

रेट आधी सांगते कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. स्केलिंग (दातावर धरलेला कडक थर काढणं) आणि पॉलिशिंग मिळून ८०० रुपये घेतले, तपासणीचे वेगळे लावले नाहीत. जायच्या आधी मी विश्रामबाग आणि मिरज रोडला दोनचार ठिकाणी फोन लावून बघितले होते, ५०० पासून १५०० पर्यंत काहीही सांगत होते, आणि ५०० वाल्यानं 'या की, पंधरा मिनिटात मोकळं करतो' असं म्हटल्यावर मी तो नंबरच सोडून दिला. मशीन सगळीकडं जवळपास तेच असतं हो. फरक पडतो तो मशीन तोंडात घालायच्या आधी डॉक्टर काय बघतात आणि काढल्यावर काय सांगतात यात, आणि या क्लिनिकला जे चार स्टार देतेय ते त्याचेच आहेत, एसीचे आणि गुळगुळीत फरशीचे नाहीत.

माझ्याबरोबर माझी आत्या होती. वय पंचाहत्तरच्या पुढं, शुगर आहे, हार्टवाल्यांनी रक्त पातळ करायची गोळी चालू केलीय आणि लग्न झाल्यापासून रोज सकाळी मिश्री लावते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि बोटानं दाताला हिरडीला चोळत बसायचं, नाव दात घासायचं पण सगळी ओढ तंबाखूचीच. त्यामुळं हा रिव्ह्यू दोन तोंडांचा आहे, एक माझं साधं चहावालं आणि एक आत्याचं, आणि मला वाटतं त्यामुळंच क्लिनिकची खरी परीक्षा झाली.

आत गेल्या गेल्या एक फॉर्म देतात, तो इंग्रजीत आहे, सांगलीत बसून हे का ते मला कळलं नाही, आत्यासारख्या माणसानं काय भरायचं त्यात. पण डॉक्टर मॅडमनी नंतर तेच सगळं तोंडी मराठीत परत विचारलं. बीपी, शुगर, कुठली गोळी चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी, पेसमेकर बसवलाय का, हार्टची झडप बदललीय का. दात साफ करायला हार्टचं काय घेऊन बसलेत असं शेजारच्या खुर्चीतले एक काका पुटपुटले, तर मॅडमनी नीट सांगितलं की हिरडीतनं रक्त आलं की तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात जातात, चांगल्या माणसाला त्याचं काही होत नाही, पण कृत्रिम झडप असलेल्या माणसाला आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. आणि काही प्रकारच्या स्केलिंग मशीनचा पेसमेकरला त्रास होऊ शकतो म्हणून तेही आधी सांगायचं. हे ज्या ठिकाणी विचारतच नाहीत तिथं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका एवढं तरी माझं ऐका.

आत्याची रक्त पातळ करायची गोळी कळल्यावर त्या दिवशी तिला नुसतं तपासलं. मॅडमनी तिच्या हार्टच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. आत्या म्हणत होती 'दोन दिस गोळी खात न्हाई, मग करा की', तर मॅडम एकदम कडक झाल्या, 'आजी, आपल्या मनानं ती गोळी कधीच बंद करायची नाही, दाताचं रक्त मला थांबवता येतं, मेंदूत गुठळी गेली तर मी काही करू शकत नाही.' मला हे फार आवडलं. आत्याला नाही आवडलं, पण ती गप्प बसली, आणि आत्या गप्प बसली हेच आमच्याकडं मोठं आहे.

आता माझं सांगते. आधी आरसा घालून सगळे दात, मग गालाच्या आतली बाजू, जिभेखाली, टाळू असं बोट फिरवून बघितलं. मग एक बारीक सळई घेतली, त्यावर मिलीमीटरच्या खुणा असतात, ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत अलगद सोडतात आणि किती आत जाते ते मोजतात. एका दाताच्या सहा जागी मोजतात. मॅडम आकडे बोलत होत्या आणि असिस्टंट मुलगी लिहीत होती, दोन, तीन, दोन, दोन, तीन, चार. तीनपर्यंत ठीक, चार म्हणजे तिथं हिरडी सुजलीय किंवा सुटायला लागलीय, पाच सहा सात म्हणजे खालचं हाड झिजायला लागलेलं असू शकतं आणि मग साध्या क्लिनिंगनं भागत नाही. आपण पडून नुसते आकडे ऐकत असतो आणि चार आला की छातीत धस्स होतं, माझ्या उजवीकडच्या मागच्या दाढेला दोन जागी चार आला. दुखत अजिबात नाही, थोडं टोचल्यासारखं होतं. मी आधी एका ठिकाणी (दुसऱ्या गावात, नाव नको) क्लिनिंग केलं होतं तिथं हा प्रकारच नव्हता, बसा, तोंड उघडा, किर्रर्र, झालं, आणि जाताना हातात चार फिलिंग आणि व्हाइटनिंगचं पॅकेज लिहिलेला कागद. इथं मॅडमनी मला हातात आरसा देऊन दाखवलं की कीटण कुठं आहे आणि कुठं नाही.

आणि कीटण बहुतेक सगळ्यांचं एकाच जागी असतं बरं का. खालचे पुढचे दात, त्यांची जिभेकडची बाजू, आणि वरच्या मागच्या दाढांची गालाकडची बाजू. कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. दातावर जो चिकट पांढरट थर रोज साठतो, ज्याला प्लाक म्हणतात, तो ब्रशनं निघतो, पण राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसत जातं आणि काही दिवसांत तो दगड होतो, तेच हे कीटण. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोंडाला जो पांढरा खडखडीत थर धरतो ना अगदी तसंच, एकदा धरला की फडक्यानं पुसून जात नाही. मग तुम्ही ब्रश कितीही जोरात घासा, कीटण तसंच राहतं आणि हिरडी मात्र सोलून निघते. मला वाटायचं ज्याचे दात घाण त्याला कीटण, पण तसं नाही, काही लोकांची लाळच अशी असते की दोन वेळा ब्रश करूनही धरतं.

साफ करायची हत्यारं समोर पाकीट फोडून काढली. एका बाजूनं कागद आणि एका बाजूनं पारदर्शक प्लास्टिक असं पाकीट असतं, ऑटोक्लेव्हमध्ये (जंतू मारायचं मशीन) १२१ डिग्रीला वाफेच्या दाबाखाली ठेवतात आणि पाकिटावरची खूण रंग बदलते, रंग बदललेला असेल तर समजायचं की ते मशीनमधून निघालंय. तुम्ही कुठंही जा, पाकीट समोर फोडायला सांगा, लाजू नका. ग्लोव्हज नवीन, ग्लास कागदी, गळ्यात बांधायचा रुमाल वापरून फेकायचा, लाळ ओढायची नळी नवीन. डोळ्याला गॉगल दिला. त्या गॉगलचं महत्त्व नंतर कळलं कारण पाण्याचे तुषार कपाळापर्यंत येतात, काजळ लिपस्टिक लावून जाऊ नका उगाच.

आधी एका माउथवॉशनं चूळ भरायला लावली, म्हणजे तोंडातले जंतू जरा कमी होतात आणि मग जे तुषार उडतात त्यात कमी उडतात. मग मशीन. लोक म्हणतात दात 'घासतात', 'कोरतात', तसं काही नाही. बारीक टोक असतं आणि ते सेकंदाला पंचवीस तीस हजार वेळा थरथरतं, डोळ्याला हललेलं दिसतसुद्धा नाही, त्या थरथरीनं कीटणाला तडे जातात आणि तुकडे पडतात. डॉक्टर टोकानं टोचत नाहीत, टोकाची कड दाताला लागून फिरवतात, जोर जवळपास नसतोच. पाणी सतत येत असतं कारण टोक तापतं, ते गार ठेवायचं आणि सुटलेले तुकडे धुवून काढायचे. आवाज मात्र बारीक आणि तीक्ष्ण, कानातनं थेट डोक्यात जातो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तिथंच दोनदा झणकन कळ आली, मी डावा हात वर केला आणि मॅडम लगेच थांबल्या, हे आधीच ठरलेलं होतं की काही झालं तर डावा हात वर करायचा, बोलायचा प्रयत्न करायचा नाही, जीभ मध्ये येते. थांबतात का नाही हे बघा, काही ठिकाणी 'झालं झालं थोडंच राहिलं' म्हणत चालूच ठेवतात.

घशात पाणी साठतं तेव्हा गुदमरल्यासारखं वाटतं काही जणांना. त्याला सोपं आहे, नाकानं श्वास घ्यायचा आणि जीभ मागं ओढून ठेवायची, नळी पाणी ओढून घेते. सर्दी असेल तर तारीख बदलून घ्या, नाक बंद असताना हा प्रकार करू नका. मध्ये चूळ भरली तर पाण्यात रक्त आणि करडे बारीक कण. रक्त बघून घाबरायचं नाही, निरोगी हिरडीतनं सहसा एवढं येत नाही, जिथं सूज असते तिथूनच येतं, म्हणजे माझ्या त्या चार आकडा आलेल्या दोन जागा. मोठं काम मशीननं झाल्यावर हातातल्या हुकासारख्या वाकड्या हत्यारांनी दोन दातांच्या मधलं आणि हिरडीच्या कडेचं खरवडून काढलं, मग सगळीकडं धागा फिरवला. हा हातानं करायचा भाग ५०० मध्ये पंधरा मिनिटात कोण करणार सांगा. माझं सगळं मिळून पाऊण तास तरी गेला.

आता तो प्रश्न, जो आत्यानं विचारला आणि घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनीपण विचारला. साफ केल्यावर दात हलतात म्हणे? मॅडमनी आत्याला दिलेलं उत्तर तसंच लिहिते. हाड आधीच झिजलेलं असतं, दात आधीच सैल झालेला असतो, पण कीटणाचा दगड सगळ्या दातांना चिकटून धरून असतो म्हणून ते कळत नाही, दगड काढला की खरी परिस्थिती कळते. आणि दगड ठेवला तर हाड अजून झिजत जातं आणि एक दिवस दगडासकट दात हातात येतो. ज्याचं हाड चांगलं आहे त्याचे दात क्लिनिंगनं हलत नाहीत. आत्या म्हणाली, 'आमच्या सासूबाईंचं तर साफ न करताच समदं पडलं', मॅडम म्हणाल्या तेच सांगतेय ना आजी मी. इनॅमलपण (दाताचं वरचं आवरण) निघत नाही, ते शरीरातलं सगळ्यात कठीण, मशीन नीट धरलं तर त्याला काही होत नाही. फटी पडल्यासारख्या वाटतात ते खरं आहे, दोन दिवस जीभ तिथंच जात होती माझी. पण फट आधीपासूनच होती, त्यात कीटण भरलेलं होतं, आणि सुजलेली हिरडी बसली की थोडी अजून जागा दिसते.

शेवटी पॉलिशिंग. रबराचा छोटा कप फिरतो आणि त्यावर पुदिन्याच्या चवीची किरकिरीत पेस्ट, याला आवाज कमी आणि गुदगुल्या जास्त. चहाचे डाग माझे इथंच गेले. स्केलिंगनंतर दाताचा पृष्ठभाग थोडा खरबरीत राहिलेला असतो तो गुळगुळीत होतो म्हणजे परत थर लगेच धरत नाही. पण क्लिनिंग म्हणजे व्हाइटनिंग नव्हे हे डोक्यात ठेवून जा, नाहीतर आरशात बघून 'पांढरे कुठं झाले' म्हणून भांडाल. इनॅमल थोडं आरपार दिसणारं असतं आणि त्याच्या आतला थर मूळचाच पिवळट, त्यामुळं बऱ्याच जणांचे स्वच्छ दातसुद्धा पिवळसरच दिसतात. माझी एक कलीग यवतमाळकडची आहे, तिच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग आहेत, तिकडच्या बऱ्याच गावांत विहिरीबोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते डाग दात तयार होतानाच आत बसलेले असतात, स्केलिंगनं ते जाणार नाहीत. तिला दोन ठिकाणी 'क्लिनिंग करा जातील' सांगून पैसे घेतले होते. या मॅडमनी फोटो बघूनच सांगितलं की याचा उपाय वेगळा आहे आणि दुखत नसेल तर नाही केला तरी चालतो. धंदा सोडून खरं बोलणारं माणूस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आत्याचं नंतर वेगळ्या दिवशी झालं आणि थोडंथोडं करून झालं. तिची मोजणी पाच, सहा, एका दाढेला सात आली. एक्सरे काढला, हाड खाली गेलेलं दिसत होतं. तिला भूल देऊन हिरडीच्या आत मुळाला चिकटलेलं कीटण काढावं लागलं, तोंडाचा एकेक भाग एकेका वेळी, याचे पैसे वेगळे आणि बरेच जास्त लागतात, पण आधी आकडा सांगितला होता आणि तेवढेच घेतले. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आवरायला जड जाते, हे तिच्या शुगरच्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मिश्रीमुळं गालाच्या आत एक पांढरा पट्टा दिसला, तो खरवडून जातो का बघितलं, गेला नाही, तर घाबरवलं नाही पण चिठ्ठी देऊन तज्ज्ञाकडं पाठवलं आणि रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढची तारीख देणार नाही म्हणाल्या. (रिपोर्ट चांगला आला, तेवढं एक.) मिश्री सोड असं लेक्चर दिलं नाही. एवढंच म्हणाल्या की आजी, सोडायची असेल तर एकदम जमत नसतं, दिवसातली एक वेळ आधी कमी करा, मग बघू. मला वाटलं होतं आत्या ऐकणार नाही. दुपारची बंद झालीय, सकाळची चालू आहे.

बाहेर वेटिंगमध्ये एक तरुण पोरगा होता, त्याला तोंडात उभी तीन बोटं घालायला सांगत होते आणि दोनच जात होती, तोंडच पुरतं उघडत नव्हतं. गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे गुटख्याला, कोणत्या टपरीवर बंद आहे ते मला दाखवा.

घरी आल्यावरच्या सूचना छापील कागदावर मराठीत देतात (मग फॉर्मलाच काय झालंय?). पहिला दिवस फार गरम फार गार नको, चहा कॉफी आणि हळदीचं त्या दिवशी टाळा कारण नुकत्याच साफ केलेल्या दातावर रंग पटकन चढतो. आता सांगलीत राहून हळद टाळा म्हणजे काय खायचं, मी दहीभात खाल्ला दोन्ही वेळेला. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गार पाण्यानं दात शिवशिवत होते तीनचार दिवस, मग कमी झालं, मॅडमनी सेन्सिटिव्हिटीची पेस्ट लिहून दिली होती ती लावली. जो माउथवॉश लिहून दिला तो फक्त आठ दिवस वापरायला सांगितला, क्लोरहेक्सिडीनचा होता, तो लोक महिनोन्महिने वापरतात आणि मग दात तपकिरी झाले म्हणून परत क्लिनिंगला येतात. ब्रश सॉफ्ट घ्या, हिरडीकडं तिरका धरून हळू फिरवा, हे त्यांनी प्लास्टिकच्या मोठ्या जबड्यावर करून दाखवलं. कोळशाची काळी पेस्ट चालेल का विचारलं तर नको म्हणाल्या, घासून घासून इनॅमल पातळ होतं.

पुढचं कधी, तर मला सहा महिन्यांनी, आत्याला तीन महिन्यांनी. सगळ्यांना सहा महिने असं नसतं, तोंड बघून ठरवतात.

आता एक स्टार का कापला. अपॉइंटमेंट साडेदहाची असून आत घेतलं साडेअकराच्या पुढं, प्रत्येक वेळी हेच, आणि विचारलं तर रिसेप्शनची मुलगी 'पाच मिनिटं' म्हणते, तिची पाच मिनिटं कुठल्या घड्याळात असतात देव जाणे. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रास होतो, आत्याला दर वेळी मध्ये थांबून वर नेलं. त्याच रिसेप्शनवर निघताना इलेक्ट्रिक ब्रश घ्या म्हणून मागं लागतात, मॅडम स्वतः कधी लागल्या नाहीत हेही सांगते. मेडिक्लेममध्ये हे असलं रुटीन काम सहसा बसत नाही त्यामुळं बिल मागून काही उपयोग होईल असं समजू नका, तरी बिल मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत, हाही अर्धा मुद्दा.

ज्यांना ८०० जास्त वाटतात त्यांनी डेंटल कॉलेजचा विचार करा, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कुठल्याही डेंटल कॉलेजात विद्यार्थी करतात आणि वर सर मॅडम तपासतात, खर्च कमी पडतो पण वेळ मोकळा ठेवून जायचं. ज्यांना वेळ नाही आणि घरात म्हातारं माणूस आहे, औषधं चालू आहेत, त्यांनी इथं या. सकाळची पहिली वेळ मागून घ्या म्हणजे ते वेटिंगचं झंझट वाचेल. गाडी खाली लावू नका, दुकानदार ओरडतो, पुढच्या गल्लीत जागा असते. रविवारी बंद.